गळ्यातला पट्टा

"आबा, दुखतंय का?" वैजूने विचारलं.

आबांनी नाही म्हणून मान हलवली. गळ्यातला पट्टा मात्र त्यांच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खूप."

चाळीस वर्षं दाढेत तंबाखू धरून आबांनी यंत्रमागावर पाळ्या केल्या होत्या. महिन्यापूर्वी कॅन्सरपायी त्यांची जीभ काढली, तेव्हा दवाखान्याने हा पट्टा दिला. मेंदूत उमटलेला अर्थ उचलून तो थेट बोलायचा. डॉक्टर त्याला चमत्कार म्हणत. खोटं बोलायला जीभ लागते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. परवा शेजारी भेटायला आले, आबांना "बसा" म्हणायचं होतं, आणि पट्टा म्हणाला, "उठा आता."

आज जबड्याचं ऑपरेशन होतं. थिएटरच्या दारापाशी स्ट्रेचर थांबलं. आबा घरातून निघताना आयुष्यभर "येतो" म्हणत आले होते. कुणी चुकून "जातो" म्हटलं, तर त्याला परत आत बोलावून पाच मिनिटं बसवायचे.

वैजूकडे बघत त्यांनी ओठ हलवले.

"जातो गं," पट्टा म्हणाला.

आबा दचकले. त्यांनी पट्टा ओरबाडून काढला, तिचा तळहात जवळ ओढला आणि त्यावर बोटाने सावकाश लिहिलं, 'येतो'.

"या, आबा," वैजू म्हणाली.

तिच्या गळ्यात पट्टा नव्हता.