दर सहा मिनिटांनी

क्वीन्सलंडच्या पार आतल्या त्या मेंढ्यांच्या कुरणावर कंपनीचा तंत्रज्ञ ट्रेंट चार तास धुळीतून गाडी हाकत आला होता. "तुमच्या पाण्याच्या टाकीवरचं यंत्र दर सहा मिनिटांनी तुम्हाला आणि आम्हालाही निरोप धाडतंय. ऑफिसात सगळे बेजार झालेत," तो म्हणाला.

कुरणाचा मालक क्लाइव्हने फोन पुढे केला. पडद्यावर एकाखाली एक तीच ओळ होती: 'क्लाइव्ह, टाकी धुवायची वेळ झाली. आणि टोपी घालून जा, म्हाताऱ्या.'

"सेटिंग कुणी केली?"

"बेरिलनं, माझ्या बायकोनं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी."

ट्रेंटला चूक लगेच सापडली. "सहापुढे मोठा एम म्हणजे महिने, लहान एम म्हणजे मिनिटं. बाईंनी लहान टाकलाय." एक अक्षर बदलून त्याने लॅपटॉप मिटला. "सुटलात! ही कटकट सोसलीत तरी कशी? आता सहा महिने शांतता."

क्लाइव्ह दाराजवळच्या खुंटीकडे बघत राहिला. बेरिलच्या टोपीवर धुळीचा थर चढला होता.

"शांतता मार्चपासून भरपूर आहे, गड्या," तो म्हणाला. "तेवढं अक्षर परत लहान कर."