पेटीतली बाई

"गायिकेच्या ह्या रकान्यात 'अज्ञात स्त्री' एवढंच राहू दे," डग म्हणाला. "त्यातच गंमत आहे."

ईशिताने पेन उचललं नाही. हॅमिल्टनच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या बेसमेंटमध्ये, डगच्या जुन्या टेपांची यादी करायचं काम तिला मिळालं होतं. मराठी कळणारी तीच एक होती. आज चार वाजता डग टेपा दान केल्याची सही करणार. एकदा सही झाली की यादी बंद, आणि त्याआधीची प्रत्येक नोंद दात्याला मान्य हवी.

डग शहात्तरचा. पाठीवर पांढरी वेणी, मनगटात तांब्याचं कडं, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं थारोळं. बाविसाव्या वर्षी घरदार सोडून निघाला, खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून कोल्हापूरहून गोव्याची वाट पायी धरली आणि आजऱ्याजवळच्या एका खेड्यात तापाने आडवा झाला. पाऊस सरेपर्यंत तिथेच राहिला.

"दोन्ही वेळा गरम भाकरी," तो सांगत होता. "एका शब्दाने कुणी काही विचारलं नाही, डिअर."

ही त्यांची तिसरी भेट. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव होतं, तरी ती 'डिअर'च होती.

"सतरा नंबरची ऐकलीस ना? काय शांती आहे तिच्या आवाजात. पृथ्वीशी बोलतेय. माझ्या योगाच्या वर्गात शेवटी मी हीच लावतो. दिवसभर राबून आलेली माणसं डोळे मिटून पडतात. काहीजण रडतात."

"ती काय म्हणतेय, हे कुणाला विचारलंत कधी?"

"शब्द मध्ये येतात गं."

ईशिताने हेडफोनची पिन उपसली. आवाज खोलीभर पसरला. आधी जात्याची घरघर, मग तिच्यावर तरंगत आलेला एका बाईचा गळा, जाडसर आणि दमलेला.

*जात्याचं इचारलं, खुट्ट्याचं इचारलं,*
*दळणारीचं नाव पाव्हण्यानं गं इसरलं.*

डगने सवयीने डोळे मिटले.

"मिटू नका," ईशिता म्हणाली. "ती म्हणतेय, पाहुण्याने जात्याचं नाव विचारलं, त्याच्या खुंट्याचं विचारलं, दळणाऱ्या बाईचं विचारायला मात्र विसरला. पाहुणा म्हणजे तुम्ही."

डगने डोळे उघडले. "तुझी खात्री आहे?"

"मी गडहिंग्लजची. आजरा आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे."

डगने दाढीवरून हात फिरवला आणि एखाद्या लहान मुलीला समजवावं तसा हसला.

"असं बघ. आमची पिढी नावगाव सगळं मागे टाकून निघाली होती. मी, माझं, हेच तर सोडायचं होतं. गाणं कुणा एकाचं नसतं, सगळ्यांचं असतं. एवढं तरी आम्ही तुमच्यासाठी करून ठेवलं. आणि तुम्ही पोरं पुन्हा लेबलं चिकटवत बसलात."

ईशिताची कानशिलं तापली. पावसाळाभर पहाटे उठून ह्याच्यापुरतं वाढीव दळलं त्या बाईने. नाचणीचं दळण, दुखरे खांदे, आणि ह्याला ऐकू आली ती शांती.

तिने कागद पुढे ओढला. वर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: डग्लस व्हिटमोर संग्रह. तिने पेनाचं टोपण काढलं आणि टोक त्या ओळीवर टेकवलं.

"मग हेही खोडते. सगळ्यांचंच आहे ना?"

"थांब." डगचा पंजा झटकन कागदावर येऊन पडला. "ते... ते कायदेशीर असतं."

टेप फिरत होती. जात्यावर दोघी बसतात. एकीने ओवी सोडली की समोरची उचलते. टेपवरची ही बाई एकटीच होती. तरी प्रत्येक ओवीनंतर ती थांबायची, समोरचीसाठी जागा सोडायची, आणि तेवढ्यात नुसती घरघर चालू राहायची. कधीतरी डगने तिला तिचाच आवाज वाजवून दाखवला असणार. तिला वाटलं असेल, टेपरेकॉर्डरच्या ह्या पेटीत कुणी बाई बसलीय.

*पेटीतल्या बाई, तुला सांगते कानात,*
*भागीरथी नाव माझं, ठेव तुझ्या गं मनात.*

पुन्हा ती मोकळी जागा. पुन्हा घरघर.

"हे काय म्हणाली?" डगचा आवाज उतरला होता.

"नाव सांगितलं."

"मला?"

"नाही. तुमच्याशी बोलून झालं होतं तिचं."

चाराला पाच मिनिटं होती. डगचा हात अजून त्याच्या स्वतःच्या नावावरच होता, घट्ट. खालचा रकाना उघडा होता, आणि तो झाकायला त्याने दुसरा हात पुढे केला नाही. ईशिताने 'अज्ञात स्त्री'वर रेघ मारली, खुर्ची टेपजवळ सरकवली, आणि घरघरीतल्या त्या जागेत, चोपन्न वर्षं उशिराने, समोरचीची ओवी उचलली.

"भागीरथी नाव तुझं," ती हलकेच म्हणाली, आणि लिहू लागली.