मरून पुस्तकांचं कपाट

मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या मामांनी पोह्यांची बशी टीपॉयवर ठेवली आणि काचेच्या कपाटाकडे बोट केलं.

“ही कोण वाचतं?”

कपाटात मरून रंगाची जाड पुस्तकं ओळीनं लावली होती. पाठींवर सोनेरी वेलबुट्टी होती.

कमळाकर खुर्चीत सरसावून बसला. “रशियाच्या कादंबऱ्या हायेत,” तो म्हणाला. “मोठमोठ्या लेखकांच्या. पनवेलला पुस्तकांचं प्रदर्शन लागलेलं, तिथून सगळा संच उचलला.”

“ते दिसतंय. वाचतं कोण, असं विचारलं.”

मामा ठाण्याला सरकारी अधिकारी होते. आवाज हळू, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडंसं हसू. आल्यापासून त्यांनी गुळगुळीत फरशी बघितली होती, जिन्याचा कठडा बघितला होता, आणि जमीन कुठली कुठली गेली तेही विचारून घेतलं होतं. “नशीब म्हणायचं,” एवढंच त्यावर बोलले होते.

कमळाकर चौथी शिकलेला. अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. ओवे गावातली जमीन नव्या शहरासाठी सरकारनं घेतली आणि त्या पैशांतून हे घर झालं. तो प्रदर्शनात शिरला होता तो खरं म्हणजे सावलीला. सहज एक पुस्तक उघडलं तर आत पातळ कागद, आणि त्याखाली रंगीत चित्र. बर्फात उभा असलेला घोडा. तो बराच वेळ त्या घोड्याकडे बघत राहिला. मग त्याच्या मनात आलं, असली पुस्तकं ज्या घरात असतील त्या घरच्या पोरीला कोण अडाण्याची पोर म्हणणार?

“सुनीता वाचते,” तो म्हणाला.

सुनीता दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. पोर लाजतेय, कमळाकरला वाटलं.

“अरे वा,” मामा म्हणाले. “मग काढा एखादं. एक पान वाचू दे तिला. इंग्रजी कसं आहे तेही कळेल. आमच्याकडे सगळे शिकलेले आहेत, नंतर अवघड नको व्हायला.”

सुनीताची आई सखूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सुनीताचा चेहरा उतरला होता. आता कुठं कमळाकरच्या मनात आलं, पोरीनं खरंच वाचलं नसेल तर? तिला त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

मामा गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले.

“बसा मामा, मी काढतो,” मुलगा म्हणाला.

मुलाचं नाव हरेश. पनवेलच्या कॉलेजात शिकवायचा. आल्यापासून तो दोन शब्द बोलला असेल नसेल. त्यानं कपाट उघडून मधलंच एक पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या चाळलं. एका पानावर थांबला. शेजारच्या चित्रावरचा पातळ कागद बाजूला केला. मग सुनीताकडे एकदा बघितलं आणि पुस्तक उघडं धरून आपल्या जागेवर येऊन बसला.

“तिला कशाला? मीच वाचतो,” तो म्हणाला. “फक्त मराठीत सांगतो. काकींना पण कळायला हवं ना.”

“तुझं काय मधेच,” मामा म्हणाले. पण हरेशनं सुरुवात केली होती.

“गाडी दारात उभी होती,” पानावर नजर ठेवून तो सावकाश सांगू लागला. “म्हाताऱ्यानं घोड्याच्या मानेवरचं बर्फ हातानं झाडलं. मुलगी शाल गुंडाळून गाडीत बसली होती. तो तिला म्हणाला, पोरी, कोपऱ्यावर मागं वळून बघू नकोस. तू बघितलंस तर मला घरात परत जाता येणार नाही. मुलगी म्हणाली, बरं. आणि कोपरा येईपर्यंत ती मागंच बघत राहिली.”

सखूबाईनं पदर डोळ्यांना लावला. कमळाकर खाली फरशीकडे बघत होता.

“हं,” मामा म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. “चांगलं लिहिलंय. बघू, दे इकडे.”

हरेशनं पुस्तक मिटलं होतं. उठून ते जागच्या जागी लावलं आणि कपाटाची कडी घातली. “मामा, पोहे गार होतायत,” तो म्हणाला.

मामांनी बशी उचलली. थोड्या वेळानं ते म्हणाले, “मुलांना जरा गच्चीवर जाऊ द्या. त्यांचं त्यांना बोलू दे.” या वेळी ते नेहमीसारखं हसले नाहीत.

कमळाकर आत गेला आणि माठातलं पाणी तांब्यानं घटाघट प्यायला. शर्ट पाठीला चिकटला होता.

“सुटलो गो,” तो हळूच सखूबाईला म्हणाला. “आणि पोराचं इंग्रजी बघितलंस? येका ठिकाणी अडकला नाय.”

“पोरगा मनानं चांगला हाय,” सखूबाई म्हणाली.

“शिकलेला हाय तो. तुला नाय कलायचं.”

गच्चीवर ऊन उतरलं होतं. समोर टेकडीच्या पायथ्याशी नव्या इमारतींचे नुसतेच खांब उभे होते. सुनीता कठड्याला टेकून उभी राहिली.

“तुम्हाला रशियन येतं?” तिनं विचारलं.

“नाही. एक अक्षरसुद्धा नाही.”

“बाबांना ती पुस्तकं इंग्रजी वाटतात.”

“आलं माझ्या लक्षात,” हरेश म्हणाला. “वाटू द्या.”