तळहातावरचा करार

सिंधुसागर संघाच्या सभागृहात कोकमाचे सरबत आले, तेव्हाही अपरांताच्या राजदूत वैजयंती परुळेकर उजवा तळहात चोळीत होत्या. त्याच तळहातावर उदक सोडून त्यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली होती, आणि मग त्वचेखाली संवेदिका बसविली गेली होती. एका सदस्य-राष्ट्रावर आघात झाला, की सर्व राजदूतांचे तळहात पोळत.

"ताई, नव्या सुनेसारख्या बिचकता कशाला?" शेजारच्या द्वीपराष्ट्राचे ज्येष्ठ राजदूत आबासाहेब हसले. "आमचे आरमार हाकेच्या अंतरावर आहे."

"त्याच भरवशावर सदस्य झालो, आबासाहेब. बंदराबाहेर शत्रूची जहाजे उभी आहेत. मन थाऱ्यावर नाही."

बोलता बोलता त्यांच्या तळहातात निखारा फुलला. अपरांताचे बंदर पेटले होते. सभोवती पेले निसटले, सरबत सांडले, राजदूतांनी मुठी आवळल्या. आबासाहेबांनी सर्वांकडे एकवार पाहिले, आणि मग ते कण्हले.

वैजयंतीबाईंची दृष्टी त्यांच्या उजव्या हातातील पेल्यावर स्थिरावली. तो काठोकाठ भरलेला होता.

"आबासाहेब," त्या शांतपणे म्हणाल्या, "आरमार निघणार नाही ना?"