श्रुतिपेटीतला बिघाड

“वर आहे,” अप्पा म्हणाले. “केसभर वर. उतरव.”

अंबुजाने बटण बंद केलं. व्हॉल्व्हची लाली विझली आणि तिच्यामागोमाग सूरही गेला. तिने पेटी पालथी घातली, मागची फळी उघडली आणि निखाऱ्यावरची डाग द्यायची सळई पुन्हा उचलली. हिरमुसून बसायला वेळ कुठे होता? उद्या गोविंदपुरम्‌ला भजन होतं.

पेटी तिने स्वतः बांधली होती. महालिंगच्या दुकानातल्या मेलेल्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, कॉफीपुडीच्या डब्याचा पत्रा, फणसाच्या लाकडाची चौकट. तंबोऱ्याच्या तारा हवेबरोबर चढतात, उतरतात. ही पेटी चढणार नाही की उतरणार नाही. अप्पांचा षड्ज धरून भजन संपेपर्यंत घुमत राहील. शाळेत कोणाला खरं वाटलं नव्हतं. पेटी पहिल्यांदा घुमली त्या दिवशी अंबुजा अख्ख्या गल्लीला ओढून घेऊन आली होती.

पण पेटी काही मिरवायला बांधलेली नव्हती. गेल्या काही एकादशींना अप्पा भजनात सूर सोडत होते. कुंभकोणमच्या मराठी घरांत अप्पांचा, व्यंकोबा भागवतांचा, कान म्हणजे शेवटचा शब्द. श्रुती लागली की आधी अप्पा डोळे मिटून ऐकणार, मान हलवणार, मगच बाकीचे टाळ उचलणार. त्यांनी तंबोऱ्याला दोष दिला, तो सगळ्यांनी मानला. मग हार्मोनियमला दिला, तोही मानला. आता मात्र कुजबुज सुरू झाली होती. उद्याही तसंच झालं तर पुढे उभं राहून गायचा मान शेषाद्रीमामांकडे जाणार होता. पणजोबांपासून घरात असलेला मान! तो गेला तर अप्पा अंथरूण धरतील, हे अंबुजाला न सांगता कळत होतं. श्रुतीच अचूक असली की कोणाची काय बिशाद बोलायची?

दुपारी शेषाद्रीमामा स्वतःच आले होते, काखेत हार्मोनियम घेऊन.

“काय गे इंजिनियर, यात बातम्या लागतात का?”

“लागतात की, मामा. पहिली बातमी, तुमच्या हार्मोनियमच्या भात्याला भोक पडलंय.”

मामा खो खो हसले. त्यांनी अप्पांची पट्टी दाबली. पेटीचा सूर आणि हार्मोनियमचा सूर एकमेकांत असे मिसळले, की कुठला कोणाचा ते कळेना.

“अय्यो, हे तर तंतोतंत आहे! बिघाड कसला?”

“अप्पांना वर वाटतो, मामा.”

“अप्पांना वाटतो? मग वरच असणार,” मामा म्हणाले आणि हार्मोनियम उचलून निघाले. “माझीच पेटी चुकत असेल.”

अंबुजालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हार्मोनियम चुकेल, अप्पांचा कान कसा चुकेल? तिने कंडेन्सर बदलला. अप्पा म्हणाले, खाली गेला. तिने व्हॉल्व्ह बदलला. अप्पा म्हणाले, डळमळतोय. एकदा तर तिने काहीच बदललं नाही, नुसती फळी उघडून परत लावली, आणि अप्पा म्हणाले, आता फारच वर. ती आनंदाने उडालीच. म्हणजे पेटी तापली की सूर सरकतो! सापडला चोर!

“आई, गरम झाली की चढते ही! नवा कंडेन्सर व्हॉल्व्हपासून लांब बसवला की झालं.”

ओसरीवर फुलं ओवत बसलेली आई नुसतं “सरी, बरं” म्हणाली.

“अप्पांना सांगू?”

“समोर जाऊन सांग.”

हे काय सांगायला हवं होतं? अप्पांना मागून हाक मारायची नाही, मागची हाक अपशकुनी, हे घरात पहिल्यापासूनच होतं. या वर्षी आईने ते फारच कडक केलं होतं. बोलायचं तर समोर जायचं, त्यांनी वर बघेपर्यंत थांबायचं आणि मग सावकाश बोलायचं. अंबुजा तशीच समोर गेली, थांबली, सावकाश बोलली. अप्पांनी तिच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

“बघ,” ते म्हणाले. “उद्या माझी लाज तुझ्या हातात आहे, बाळ.”

अंबुजाचे हात भराभर चालू लागले. जुना कंडेन्सर सुटला, नवा पेटीच्या थंड कोपऱ्यात बसला, डाग पडला, धूर निघाला. “ऐका हं आता, अप्पा!” म्हणत तिने बटण दाबलं. अप्पा पेटीसमोर मांडी घालून बसले. व्हॉल्व्ह आधी काळा होता, मग तांबूस झाला, मग लाल. लाल झाला की दोन श्वासांनी सूर यायचा. अप्पांनी डोळे मिटले.

सूर आला नाही.

रस्त्यापलीकडे पितळेची भांडी ठोकत होते, तेवढाच आवाज घरात येत राहिला. अंबुजाने घाईघाईने मागून पेटीत डोकं घातलं. स्पीकरची तार सुटून लोंबत होती. घाईत ती जोडायचीच राहिली होती.

“थांबा अप्पा, तारच लावली नाही!” ती आतूनच ओरडली. “आवाज कुठून येणार?”

लोंबती तार हातात धरून तिने मान वर केली. आईचे हात फुलांत थांबले होते. ती पेटीकडे बघत नव्हती, अप्पांकडे बघत होती.

अप्पांचे डोळे अजून मिटलेले होते. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. मान किंचित कलती करून ते मांडीवर हलका ताल धरत होते.

“हां,” ते तृप्त होऊन म्हणाले, “आता लागला षड्ज. आता हिला कोणी हात लावू नका.”