एकतीस शेरे

“मॅडम, तुमच्या गणिताला तोड नाही. पण नोकरीत कायम करायचं म्हटलं की हे आडवं येतं.” विभागप्रमुखांनी विद्यार्थ्यांच्या शेऱ्यांचा गठ्ठा तिच्यापुढे टाकला. “या सत्रात पन्नासांपैकी एकतीस जणांनी लिहिलंय, परदेशी उच्चार कळत नाहीत. या देशात येऊन नऊ वर्षं झाली, आता तरी जीभ वळवा की! बोला, गप्प का?”

तिने एकतीसही शेरे वाचले. मग उठून त्यांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहायला लागली. पहिल्याच अक्षराला खडू मोडला. तिने दुसरा घेतला.

“सत्र सुरू व्हायच्या आधीच घशाच्या ऑपरेशनमध्ये माझा आवाज गेला. फळ्यावर लिहूनच शिकवायच्या परवानगीवर सही तुमचीच आहे. या मुलांनी माझ्या तोंडून एक शब्दही ऐकलेला नाही.”