दोष किडनीचा नाही

"झाली का लघवी?" कावेरीने विचारलं.

"अजून नाही, अम्मा. धीर धरा," डॉक्टर स्मृती म्हणाल्या.

वादिराज आईजवळ वाकला. "आई, चल आता. जयनगरला घरी सगळे खोळंबलेत. चूल पेटलेली नाही, माझा छोटा हर्ष नुसत्या बिस्किटांवर आहे."

"स्वल्प थांब. कळल्याशिवाय मी हलायची नाही."

कावेरीच्या नवऱ्याने, भीमाचार्यांनी, जन्मात दारूला हात लावला नव्हता, तरी लिव्हर सुकलं. पोटात पाणी झालं. पाठोपाठ किडन्या बंद पडत गेल्या. परवा ते न्हाणीत कोसळले आणि डोकं आपटलं. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली, या किडन्यांचा आता उपयोग नाही. एकट्या स्मृती म्हणाल्या, तपासून बघू. ऑपरेशनच्या कागदावर कावेरीने सही केली. वादिराज तेव्हापासून घुश्शात होता.

"अण्णांना उगाच कापलंत," तो आत्ताही म्हणाला. "महिनाभर जी चालत नव्हती, ती आज कशी चालेल?"

"दोष किडनीचा नाही," स्मृती म्हणाल्या. "बिघडलंय ते लिव्हर. त्यामुळे किडनीला रक्त कमी मिळतं, ती आखडून बसते. आतून ती चांगली असू शकते."

कावेरीचे डोळे बारीक झाले. "म्हणजे आमच्या वादीसारखी. लहानपणी घरात तोंड उघडायचा नाही. के. आर. पुरमला मावशीकडे नेला की बडबड थांबायची नाही."

"अगदी तशी," स्मृती हसल्या आणि आत गेल्या.

"माझं काय मधेच?" वादिराज पुटपुटला. पण तोही आता दाराकडेच बघत होता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. स्मृतींनी मास्क खाली ओढला.

"सुरू झाली, अम्मा. पिशवी भरतेय."

"रंग?"

"स्वच्छ पिवळा."

कावेरीने भिंतीला हात टेकला. "बघ वादी. अण्णांची किडनी आहे ती."

वादिराजने डोळे पुसले. "आत जाऊन एकदा बघू?"

"नाही. नियम नाही तसा."

"निदान नाव तरी सांगा, डॉक्टर. कुणाला बसवलीत?"

स्मृतींनी नकारार्थी मान हलवली.

"सरी, बरं," कावेरी म्हणाली. "चल, आता अण्णांना घरी नेऊ." आणि ती जिन्याने खाली, शवागाराकडे निघाली.